जैव-भू-रसायनशास्त्र शिकवायला घेताना : नव्या प्राध्यापकांसाठी मार्गदर्शन

पर्यावरणशास्त्र विभागात सहायक प्राध्यापक म्हणून किंवा तासिका तत्त्वावर नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला जैव-भू-रासायनिक चक्रांचा (कार्बन, नायट्रोजन यांसारखी मूलद्रव्ये हवा, पाणी, माती आणि सजीव यांतून कशी फिरतात याचा) घटक बहुधा पहिल्याच सत्रात येतो. ही चक्रे विद्यार्थ्यांनी शाळेत पाहिलेली असतात आणि ढग, झाड, गाय व कारखाना यांना बाणांनी जोडणारी आकृती त्यांना पाठ असते. तीच आकृती पदवीच्या वर्गात फळ्यावर मोठी करून काढली, तर मुले ती वहीत उतरवून घेतात आणि हा भाग आपल्याला येतो असे समजून पुढे जातात. मात्र एखाद्या बाणावर बोट ठेवून ‘इथून वर्षाला किती जाते, आणि ते आपल्याला कसे कळले?’ असे विचारले, की वर्ग गप्प होतो. माझे ठाम मत असे आहे की हा विषय शिकवणे म्हणजे हिशेब शिकवणे होय. साठा किती, आवक किती, जावक किती आणि हे सारे कोणत्या एककात मोजले, याचा हिशेब विद्यार्थ्याला स्वतः मांडता आला पाहिजे, आणि तो त्याने पायी जाऊन पाहता येईल अशा एखाद्या जमिनीच्या तुकड्यावर किंवा पाणवठ्यावर मांडलेला असला पाहिजे. पुढील सर्व सूचना याच भूमिकेतून लिहिल्या आहेत.

सत्र सुरू होण्यापूर्वी

अभ्यासक्रमाची प्रत हातात आल्यावर घटकांची नावे वाचण्याआधी त्यांच्यापुढे छापलेले तास पाहावेत. दोन श्रेयांकांच्या पेपरला साधारण तीस तास मिळतात. त्यांतले काही अंतर्गत परीक्षा, सुट्या आणि महाविद्यालयीन कार्यक्रमांत जातातच, म्हणून नियोजन पंचवीस तासांचेच करावे. सर्व चक्रांना समान तास देण्याचा मोह टाळावा. कार्बन आणि नायट्रोजन यांना मिळून निम्म्याहून अधिक वेळ द्यावा, फॉस्फरसला चार-पाच तास पुरतात, आणि गंधकाचे चक्र नायट्रोजनच्या शेवटी जोडून घेतले तरी चालते, कारण ऑक्सिजन संपल्यावर सूक्ष्मजीव काय करतात हा प्रश्न दोन्हींकडे एकच आहे.

दुसरे काम प्रयोगशाळेतले. प्रयोगशाळा सहायकांना बरोबर घेऊन प्रत्येक कपाट उघडून पाहावे. कोणती भट्टी खरोखर तापते आणि कोणता सामूमापक (पीएच मीटर) फक्त नोंदवहीत आहे, हे विभागात त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. ओव्हन, वजनकाटा, ब्युरेट, बीओडीच्या (सूक्ष्मजीवांना लागणारा ऑक्सिजन मोजण्याच्या) बाटल्या आणि शुद्ध पाण्याची सोय एवढे चालू स्थितीत असेल, तर पदवीपातळीवरची जवळजवळ सर्व प्रात्यक्षिके करता येतात. जे नाही त्याची यादी लगेच द्यावी, कारण कोटेशने मागवणे, खरेदी समितीची बैठक आणि मंजुरी यांत एक सत्र सहज निघून जाते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे जागा निवडणे. महाविद्यालयापासून चालत जाता येईल असा जमिनीचा एक तुकडा आणि एक पाणवठा निश्चित करावा आणि वर्षभर त्याच दोन जागांवर काम करावे. विदर्भ-मराठवाड्यात कापूस किंवा सोयाबीनखालची काळी जमीन, कोकणात भाताचे खाचर आणि त्याला लागून असलेला जांभ्याचा सडा, पश्चिम महाराष्ट्रात उसाचे पाटपाण्याचे शेत, शहरात महाविद्यालयाचे मैदान आणि जवळचा नाला, यांपैकी काहीही चालेल. लोणारचे सरोवर पाहण्यासारखे आहेच. बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेले ते विवर, दहाच्या आसपास सामू असलेले ते क्षारयुक्त पाणी आणि २०२० च्या जूनमध्ये त्याला आलेला गुलाबी रंग, हे सर्व अभ्यासाचे विषय आहेत. परंतु ते अभयारण्य असल्यामुळे नमुने घेण्यास वनविभागाची परवानगी लागते, आणि वर्षातून एकदा पाहिलेल्या ठिकाणाचा हिशेब मांडता येत नाही. सहलीची जागा आणि अभ्यासाची जागा वेगळी ठेवावी. शेतकऱ्याची जमीन असेल तर त्यांना आधी भेटून कशासाठी येणार हे समजावून सांगावे आणि तपासणीचे निकाल त्यांना मराठीत लिहून द्यावेत. त्यांनी कोणते खत, किती गोणी आणि कधी घातले ही माहिती त्यांच्याकडूनच मिळते, आणि तिच्याशिवाय नायट्रोजनचा कोणताही हिशेब सुरूच होत नाही.

पहिले दोन आठवडे एककांना द्यावेत

याविषयी अनेक सहकारी नापसंती दाखवतील, कारण एवढ्या काळात अभ्यासक्रमाचा एक घटक संपवता येतो. तरीही हा वेळ द्यावाच. या विषयात विद्यार्थी ज्या चुका करतात, त्यांतील बहुतेक चुकांचे मूळ एककांत असते, आणि ते मूळ पुढे कधीच आपोआप निघून जात नाही.

सुरुवात खताच्या गोणीपासून करावी. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे २०.७ किलो, इथपर्यंत गणित सरळ आहे. आता डीएपीची (डायअमोनियम फॉस्फेट खताची) ५० किलोची गोणी घ्यावी. तिच्यावर १८ आणि ४६ हे आकडे असतात. नायट्रोजन ९ किलो झाला, पण फॉस्फरस २३ किलो नव्हे. गोणीवरचा आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा आहे आणि त्यात मूलद्रव्य फॉस्फरस सुमारे ४४ टक्केच असतो, म्हणून गोणीत प्रत्यक्ष फॉस्फरस सुमारे १० किलो भरतो. शेतकरी घरांतून आलेल्या मुलांनी ही गोणी लहानपणापासून पाहिलेली असते, त्यामुळे हा आकडा फळ्यावर आला की वर्ग पुढे सरसावतो.

दुसरे उदाहरण विहिरीच्या पाण्याचे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा प्रति लिटर ४५ मिलिग्रॅम आहे. एखाद्या अहवालात ‘नायट्रेट-नायट्रोजन १२ मिलिग्रॅम प्रति लिटर’ असे लिहिलेले असेल, तर ते पाणी पिण्यास योग्य आहे का, असे विचारावे. बहुतेक विद्यार्थी बारा हे पंचेचाळीसपेक्षा कमी आहेत असे पाहून ‘योग्य’ म्हणतील. नायट्रोजनचे नायट्रेटमध्ये रूपांतर करण्यासाठी ४.४३ ने गुणावे लागते, आणि उत्तर ५३ च्या पुढे जाते. पाणी मर्यादेबाहेर आहे. कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड यांतला ३.६७ चा गुणकही याच वेळी शिकवावा, कारण वर्तमानपत्रांतील उत्सर्जनाचे आकडे कधी एका स्वरूपात येतात, तर कधी दुसऱ्या.

तिसरे उदाहरण जमिनीचे असावे. एक हेक्टर क्षेत्र, ३० सेंटिमीटर खोली आणि घनता दर घनमीटरला १.४ टन धरली, तर माती ४,२०० टन भरते. तिच्यात सेंद्रिय कर्ब (सजीवांच्या अवशेषांतला कार्बन) अर्धा टक्का असेल, तर तो २१ टन झाला. आता हाच कर्ब अर्ध्याऐवजी एक टक्का करायचा, तर हेक्टरी आणखी २१ टन कर्ब मातीत टिकवावा लागेल, आणि घातलेल्या शेणखताचा मोठा भाग तर सूक्ष्मजीव श्वसनात खर्च करून टाकतात. एवढे गणित एकदा हाताने केलेला विद्यार्थी ‘दोन वर्षांत जमिनीचा कर्ब दुप्पट’ अशा जाहिरातीवर पुन्हा विश्वास ठेवत नाही. काळी माती ओली झाल्यावर फुगते आणि वाळल्यावर भेगाळते, त्यामुळे तिची घनता ओलाव्याबरोबर बदलते, हेही इथेच सांगावे आणि नमुना घेतानाचा ओलावा नोंदवण्याची सवय लावावी.

साठा, प्रवाह आणि निवासकाल

एकके पक्की झाली की निवासकालाची संकल्पना घ्यावी. साठ्याला वार्षिक प्रवाहाने भागले की निवासकाल मिळतो, एवढी व्याख्या सोपी आहे. गोंधळ पुढे होतो. वातावरणात कार्बन डायऑक्साइडच्या रूपात सुमारे ८७० अब्ज टन कार्बन आहे, आणि वनस्पती व महासागर मिळून दरवर्षी साधारण २०० अब्ज टन उचलतात. भागाकार सुमारे चार वर्षे येतो. मग चुणचुणीत विद्यार्थी विचारतो की कार्बन डायऑक्साइड चारच वर्षे हवेत राहतो, तर त्याचा परिणाम शेकडो वर्षे टिकतो असे का म्हणतात. हा प्रश्न कोणी विचारला नाही, तर आपणच विचारावा.

इथे विहिरीचे उदाहरण उपयोगी पडते. झऱ्यांनी जेवढे पाणी येते तेवढेच मोटारीने उपसले जात असेल, तर विहिरीतले पाणी रोज बदलते, पण पातळी तीच राहते; पाणी किती दिवसांत बदलते आणि चढलेली पातळी किती दिवसांत उतरते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वनस्पती आणि महासागर दरवर्षी जेवढा कार्बन घेतात, जवळजवळ तेवढाच परत देतात. वाढलेली पातळी उतरण्यासाठी कार्बन खोल समुद्रात किंवा खडकात जावा लागतो, आणि ती क्रिया अतिशय संथ असते.

त्यानंतर एक आकडेमोड वर्गातच करून घ्यावी. वातावरणातला एक पीपीएम (दशलक्षात एक भाग) म्हणजे सुमारे २.१३ अब्ज टन कार्बन. जीवाश्म इंधनांतून दरवर्षी साधारण १० अब्ज टन कार्बन हवेत जातो. तो सगळा हवेतच राहिला असता, तर पातळी वर्षाला साडेचार पीपीएमहून अधिक वाढली असती. प्रत्यक्षात ती अलीकडे अडीच पीपीएमच्या आसपास वाढते. मग उरलेला कार्बन कुठे जातो? जमीन आणि महासागर हे शोषक आहेत, हे वाक्य घोकून घेण्याऐवजी मुलांना आकड्यांच्या तफावतीतून तिथपर्यंत पोहोचू द्यावे. हवाई बेटांतील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये मोजमाप सुरू केले, तेव्हा पातळी ३१५ पीपीएमच्या आसपास होती. आज ती ४२० च्या पुढे आहे. तो आलेख दाखवताना त्यातला दरवर्षीचा चढउतारही समजावून सांगावा. आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. काबो द रामा येथील समुद्राकाठच्या कड्यावर १९९३ पासून काही वर्षे हवेचे नमुने घेऊन कार्बन डायऑक्साइड मोजला गेला, आणि तिथल्या नोंदींत मोसमी वाऱ्यांची छाप दिसते, कारण पावसाळ्यात त्या कड्यावर समुद्रावरची हवा येते आणि हिवाळ्यात भूखंडावरची.

चक्रांचा क्रम

बहुतेक पुस्तके कार्बनपासून सुरुवात करतात. महाराष्ट्रात मात्र खडकापासून सुरुवात करणे मला अधिक योग्य वाटते, कारण राज्याचा बहुतांश भाग बेसाल्टवर उभा आहे, आणि त्या खडकाची झीज होताना पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खर्च होतो. एका तासात खडक, पाणी, हवा आणि माती यांची गाठ पडते. काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडीचे खडे वर्गात आणून त्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत. बुडबुडे उठले की मातीत सेंद्रिय कर्बाखेरीज असेंद्रिय कर्बही असतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

कार्बननंतर नायट्रोजन घ्यावा आणि त्याला सढळ हाताने वेळ द्यावा, कारण या चक्रात जीवाणू, शेती, कारखाना, विहीर आणि समुद्र हे सगळे एकत्र येतात. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत अमोनिया तयार करून दाखवला आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. त्याआधी हवेतला नायट्रोजन पिकापर्यंत पोहोचवण्याचे काम मुख्यतः जीवाणू आणि काही प्रमाणात विजा करत होत्या. जीवाणूंचे हे काम दाखवण्यासाठी भुईमुगाचे एक रोप मुळासकट हलक्या हाताने उपटावे, मुळे धुवावीत आणि गाठी ब्लेडने कापून पाहाव्यात. काम करणारी गाठ आतून गुलाबी-लालसर दिसते, कारण तिच्यात लेगहिमोग्लोबिन असते. हिरवट किंवा करडी गाठ काम थांबल्याची खूण आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः गाठ कापावी, एकाने कापून इतरांनी पाहू नये.

युरियाचे काय होते, हे दाखवणारा एक स्वस्त प्रयोग मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सुचवतो. रुंद तोंडाच्या चार बाटल्यांत काळी ओलसर माती घ्यावी. पहिलीत काही मिसळू नये. दुसरीत चिमूटभर युरिया पृष्ठभागावर टाकावा. तिसरीत तेवढाच युरिया मातीत खोल दाबावा. चौथीत ऑटोक्लेव्ह केलेली (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेली) माती घेऊन वर युरिया टाकावा. प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला हळदीच्या पाण्यात बुडवलेला ओला कागद लावावा आणि बाटल्या घट्ट बंद कराव्यात. एक-दोन दिवसांत दुसऱ्या बाटलीतला कागद तांबूस होतो, कारण मातीतील युरिएज या विकराने युरियाचा अमोनिया केलेला असतो आणि विम्लधर्मी (अल्कलाइन) काळ्या मातीतून तो हवेत निसटतो. तिसरीत रंग कमी बदलतो. युरिया मातीआड करण्याचा सल्ला का देतात, ते इथे दिसते. चौथीतला कागद पिवळा राहतो, आणि ही क्रिया सजीवांनी घडवलेली आहे हे सिद्ध होते. या चार बाटल्यांवर एक संपूर्ण तास चर्चा होऊ शकते.

विनायट्रीकरण शिकवताना भाताच्या खाचरापासून निघून अरबी समुद्रापर्यंत जावे. ऑक्सिजन संपला की जीवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात, आणि नायट्राइट, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड अशा टप्प्यांनी शेवटी नायट्रोजन वायू होतो. वाटेत निसटणारा नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ घडवतो. अरबी समुद्रात मध्यम खोलीवर ऑक्सिजन अत्यल्प असलेला जाड थर आहे आणि तिथे हीच क्रिया प्रचंड प्रमाणावर चालते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने याविषयी अनेक दशके काम केले आहे, आणि कांदोळीच्या किनाऱ्यासमोरच्या केंद्रावर नियमित मोजमाप होत आले आहे. समुद्री प्लवकांत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे सरासरी प्रमाण १०६ : १६ : १ असते, हे रेडफिल्ड गुणोत्तर इथे कामाला लावावे. एखाद्या थरात फॉस्फेटच्या सोळापट नायट्रेट अपेक्षित असताना ते बरेच कमी आढळले, तर हरवलेला नायट्रोजन कुठे गेला, हे विद्यार्थ्यांनी शोधावे.

फॉस्फरसबाबत एकच मुद्दा नीट पोहोचला तरी पुरे : त्याचा वायुरूप मार्ग जवळजवळ नाही, म्हणून तो जिथे अडकतो तिथेच साठत राहतो. कोकणातल्या जांभ्या जमिनीत त्याला लोह आणि ॲल्युमिनियम धरून ठेवतात, देशावरच्या चुनखडीयुक्त जमिनीत कॅल्शियम. म्हणूनच पिकाला उपलब्ध फॉस्फरस मोजताना विम्लधर्मी मातीसाठी ओल्सेनची पद्धत आणि आम्लधर्मी मातीसाठी ब्रेची पद्धत वापरतात. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीच्या जलाशयात जाते. तिथली जलपर्णी आणि हिरवे पाणी ही याच मूलद्रव्याच्या साठवणुकीची खूण आहे.

सेंद्रिय कर्बाचे प्रात्यक्षिक

वॉकली आणि ब्लॅक यांनी १९३४ मध्ये मांडलेली पद्धत बहुतेक अभ्यासक्रमांत आहे. एक ग्रॅम बारीक चाळलेली माती, एक नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेटचे १० मिलिलिटर आणि संहत गंधकाम्लाचे २० मिलिलिटर, अर्धा तास विश्रांती, मग पाणी, फॉस्फरिक आम्ल आणि डायफिनाइलअमाइन घालून अर्धा नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटने अनुमापन (ब्युरेटमधून थेंबाथेंबाने द्राव सोडून मोजणे). जांभळट निळा रंग जाऊन एका थेंबात स्वच्छ हिरवा येतो; त्या थेंबाआधी ब्युरेट सावकाश सोडण्याचा सराव करून घ्यावा. आम्ल घालताच मिश्रण हिरवे झाले, तर डायक्रोमेट संपले आहे. अशा वेळी माती कमी घेऊन पुन्हा सुरुवात करावी.

कोऱ्या (माती न घातलेल्या) नमुन्याला २० आणि मातीच्या नमुन्याला १७ मिलिलिटर लागले, तर फरक तीनचा, आणि उत्तर ०.४५ टक्के येते. ही पद्धत सर्व सेंद्रिय कर्ब पकडत नाही, साधारण ७७ टक्केच पकडते, म्हणून १.३ ने गुणल्यावर ०.५८५ मिळते. गुणक वापरला की नाही, हे जर्नलमध्ये लिहिणे सक्तीचे करावे. दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळत नाहीत, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. खारजमिनीतले क्लोराइड डायक्रोमेट खाते आणि कर्ब खोटा वाढवून दाखवते, हे कोकणातल्या शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावे. भट्टीत जाळून वजनातली घट मोजण्याची पद्धत सोपी आणि रसायनमुक्त आहे, पण काळ्या मातीतील स्मेक्टाइट चिकणमाती तापल्यावर आपल्यातले बांधलेले पाणीही सोडते, त्यामुळे ती घट सगळी सेंद्रिय पदार्थाची नसते. दोन्ही पद्धतींनी एकच माती तपासून घ्यावी आणि फरकाचे स्पष्टीकरण विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे.

उरलेला द्राव बेसिनमध्ये ओतू देऊ नये. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. अनुमापनानंतर त्याचे त्रिसंयुजी क्रोमियम झालेले असले तरी ते सांडपाण्यात सोडायचे नसते. वेगळ्या कॅनमध्ये गोळा करून, चुन्याने सामू वाढवून, बसलेला गाळ धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावा. पर्यावरणशास्त्राच्या प्रयोगशाळेनेच नाल्यात क्रोमियम सोडले, तर तिथे शिकवलेल्या गोष्टींवर मुलांनी विश्वास का ठेवावा?

शेतात आणि पाण्याकाठी

पहिले सत्र पावसाबरोबर सुरू होते, ही सोय मानावी. उन्हाळ्याच्या शेवटी, जमीन कोरडी असतानाच मातीचे नमुने घेऊन ठेवावेत. सत्र सुरू झाल्यावर त्यातली थोडी माती बंद बरणीत ओली करावी, शेजारी सोडियम हायड्रॉक्साइडची लहान कुपी ठेवावी आणि रोज कुपी बदलून तिच्यातला कार्बन डायऑक्साइड अनुमापनाने मोजावा. कोरडी माती भिजताच श्वसन एकदम उसळते आणि मग काही दिवसांत उतरते. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतील मातीवर काम करून १९५८ मध्ये हे वर्णिले आणि त्यांच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. पहिल्या पावसानंतर पिकाला मिळणाऱ्या नायट्रेटचा आणि विहिरीत उतरणाऱ्या नायट्रेटचा संबंध इथून जोडता येतो.

पाणवठ्यावर विंकलर पद्धतीने विरघळलेला ऑक्सिजन मोजावा, आणि एकाच दिवशी दोनदा मोजावा : सूर्योदयाच्या सुमारास आणि दुपारी तीनच्या सुमारास. बाटली बुडबुडा न राहता भरावी, मँगनीज सल्फेट आणि विम्लधर्मी आयोडाइड-अझाइड पाण्याच्या पातळीखाली सोडावे, बूच लावून बाटली उलटीसुलटी करावी. तपकिरी साका (तळाशी बसणारा गाळ) म्हणजे ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला, तर जवळजवळ नाही. शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात पहाटेची बाटली फिकट आणि दुपारची गडद तपकिरी निघते, आणि दुपारचा आकडा २५ अंशांच्या पाण्याच्या संपृक्ततेपेक्षा, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या ८.२६ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा, बराच वर जाऊ शकतो. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की सुपोषण (पोषकद्रव्ये वाढून पाण्यात शेवाळ माजणे) म्हणजे काय, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. बीओडी मोजताना आपल्याकडील मानक पद्धत २७ अंशांवर तीन दिवसांची आहे आणि परदेशी पुस्तकांतली २० अंशांवर पाच दिवसांची, हे सांगून ठेवावे.

पाण्यात कोणालाही उतरू देऊ नये. बादली आणि दोरी पुरते. गमबूट, प्रथमोपचार पेटी आणि प्राचार्यांची लेखी परवानगी यांवाचून मुलांना बाहेर नेऊ नये.

प्रश्नपत्रिका, जर्नल आणि तोंडी परीक्षा

‘नायट्रोजन चक्राचे आकृतीसह वर्णन करा’ हा प्रश्न जोपर्यंत येत राहील, तोपर्यंत मुले आकृतीच पाठ करतील. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेवर आपले नियंत्रण नसते, पण अंतर्गत मूल्यमापनावर असते. तिथे अहवालातला एक तक्ता देऊन त्यातली एककाची चूक शोधायला सांगावी, एका शेताच्या खताच्या नोंदी देऊन नायट्रोजनचा ताळेबंद मांडायला सांगावा, आणि ताळेबंद जुळत नसेल तर तफावतीची संभाव्य कारणे लिहून घ्यावीत. तफावत प्रामाणिकपणे दाखवणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत. वाचने आधी ठरवून निरीक्षणे मागाहून भरण्याची सवय जर्नलांतून लागते. ती मोडायची असेल, तर निरीक्षणे शाईने, त्याच वेळी, शेतातल्या वहीत लिहून घ्यावीत आणि त्यांवर तिथेच सही करावी.

तोंडी परीक्षेत भाषेची मोकळीक ठेवावी. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीत अडखळतो आणि त्याला विषय येत नाही, असा ग्रह होतो. त्याला मराठीत बोलू दिले, तर तोच विनायट्रीकरण उत्तम समजावून सांगतो. बाह्य परीक्षकांशी हे आधी बोलून ठेवावे.

सर्व शाखांसाठीचा सक्तीचा वर्ग

पर्यावरणविषयक याचिका लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या निर्देशांमुळे पर्यावरण हा विषय पुढे पदवीच्या सर्व शाखांत आला, आणि वाणिज्य किंवा कला शाखेच्या शंभराहून अधिक मुलांचा वर्गही नव्या शिक्षकाकडे येऊ शकतो. तिथे प्रात्यक्षिक शक्य नसते, म्हणून एकच हिशेब पूर्ण करावा. उपाहारगृहातला ओला कचरा आठवडाभर तोलून, तो कुजताना कार्बन आणि नायट्रोजन कुठे जातात, हे वाणिज्य शाखेच्या मुलांना ताळेबंदाच्या भाषेत शिकवता येते आणि ते ती भाषा आपल्याहून चांगली जाणतात. ओझोनचा ऱ्हास आणि तापमानवाढ यांची सरमिसळ, आणि झाडे लावली की उत्सर्जन फिटले ही समजूत, या दोन गोष्टी या वर्गात सावकाश, पुन्हा पुन्हा सोडवाव्या लागतात.

सत्र संपताना

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात १८४३ पासून एकाच शेतावर प्रयोग चालू आहे आणि जुने मातीचे नमुने आजही जपून ठेवलेले आहेत. आपल्याकडे अकोला आणि परभणीसारख्या केंद्रांवर दीर्घकालीन खत प्रयोग चालतात. महाविद्यालयाच्या विभागालाही हे लहान प्रमाणात करता येते. प्रत्येक वर्षी त्याच तुकड्यातून, त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून घेतलेली वाळवलेली माती काचेच्या बरणीत भरून ठेवावी. बरणीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, खोली, दिनांक, पीक, आधीचे खत, कोणती पद्धत आणि गुणक वापरला, आणि नमुना घेणाऱ्या तुकडीचे वर्ष, एवढे पेन्सिलने लिहावे, कारण शाई ओलाव्याने पसरते. हीच माहिती विभागाच्या नोंदवहीतही उतरवावी, आणि ती वही पुढच्या वर्षीच्या शिक्षकाच्या हाती देऊन, त्यांना ती जागा प्रत्यक्ष चालत नेऊन दाखवावी.